घर दुरुस्त करावं की सोडावं?

भाकरी करता करता ऐकत असाल तर तव्याकडे लक्ष असू द्या, आमचं बोलणं काही पळून जात नाही.

आज घराबद्दल बोलायचं आहे. आमच्या बचत गटांच्या कर्जाच्या अर्जात 'कशासाठी' असा एक रकाना असतो. पूर्वी त्यात शेळी, बियाणं, दवाखाना, पोरीचं लग्न असं लिहिलेलं असायचं. आता 'घरासाठी' हा शब्द फार यायला लागला आहे. पण 'घरासाठी' म्हणजे काय? कुणाला पत्रे बदलायचे असतात. कुणाला गावठाणातलं जुनं घर मोडून तिथंच नवं उभं करायचं असतं. कुणाला रस्त्याकडेला जायचं असतं, कुणाला शेतात, कुणाला तालुक्याला खोली करून राहायचं असतं. ही सगळी कामं एका शब्दात बसत नाहीत. तरी आम्ही बरीच वर्षं तो एकच शब्द वाचून शिक्का मारत होतो.

यंदा संक्रांतीनंतर आमच्या एका गटात एका काकूंचा अर्ज आला. दोन लाख रुपये हवे होते. घर माळवदाचं, नऊ खणांचं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. मालकांनी ठरवलं होतं की घर मोडायचं, लाकूड विकायचं आणि रस्त्याकडेच्या दीड गुंठ्यावर स्लॅबचं घर टाकायचं. काकूंनी अर्जावर सही केली आणि सतरंजीच्या कडेला गप्प बसून राहिल्या. अध्यक्ष बाईंनी विचारलं, "काकू, तुमचं काय म्हणणं?" काकू म्हणाल्या, "माझं काय म्हणणं असणार? मालक म्हणतेत ते खरं."

बैठक उठली, सगळ्या चपला घालायला लागल्या, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "पर तिकडं रस्त्यावर मी बोलू कुणाशी?"

गटानं अर्ज मंजूर केला नाही आणि नाकारलाही नाही. आधी घर बघू, असं ठरलं.

असं का ठरलं ते सांगायला हवं, कारण त्यात आमची चूक आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटातल्या ताईंना आम्ही ऐंशी हजार दिले होते. त्यांचं गावातलं घर गळत होतं. भावकीत रोजची कुरबुर होती. शेत गावापासून तीन किलोमीटरवर, तिथं विहिरीला पाणी चांगलं. नवरा म्हणाला शेतात घर बांधू. आम्हालाही ते पटलं. हप्ते नियमित भरणारी बाई, अडचण काय? आम्ही काहीच विचारलं नाही.

शेतातली वीज शेतीच्या लाइनीची. आठवड्यात काही दिवस ती रात्रीच यायची, दिवसा पिठाची गिरणीसुद्धा चालायची नाही. मुलगी नववीत होती. तीन किलोमीटर रान तुडवून शाळेला जाणं घरच्यांना धोक्याचं वाटलं, म्हणून तिला मामाकडे ठेवलं. ताई आधी एका बैठकीला आल्या नाहीत, मग दोन, आणि सात-आठ महिन्यांत त्यांचं नाव गटातून गेलं. कर्ज त्यांनी फेडलं, तो भाग वेगळा. गावातलं घर बंद पडलं. माळवद माणसाशिवाय राहत नाही. दर उन्हाळ्यात त्यावरची माती चोपावी लागते, पावसाळ्यात उगवलेलं गवत उपटावं लागतं. दुसऱ्याच पावसाळ्यात मधला खण खाली आला. भावकीतली कुरबुर मात्र गेली नाही. शेताच्या बांधावर ती तशीच चालू राहिली. म्हणजे जी अडचण होती ती सोबत गेली, आणि जे चांगलं होतं ते मागं राहिलं. बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारला असता तर हे सगळं टळलं असतं असं नाही, पण विचारायला हवा होता.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. लातूर-धाराशिवकडच्या बाईला माळवदाच्या घराबद्दल विचारलं की तिच्या डोळ्यांत आधी भीती येते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं दमून नुकतीच झोपलेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घरात. आमच्यातल्या धाकट्या तेव्हा पाळण्यात होत्या, काही जन्मल्याही नव्हत्या. पण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी ती पहाट सांगणारं आहे. म्हणून घर मोडू या असं कुणी म्हटलं की समोरचा वाद घालत नाही. दगड-मातीचं घर म्हणजे मरण, असं एक समीकरण आपल्या डोक्यात बसलं आहे.

त्या घरांत नेमकं काय झालं हे समजून घेऊ या. भिंती दोन-तीन फूट जाड, कुठं कुठं त्याहून जास्त. बघायला किल्ल्यासारख्या. पण ती एक भिंत नसायची. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधे चिखल नि बारीक दगडांची भर. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा लांब आरपार दगड क्वचितच घातलेला असायचा. धक्का बसला तसे दोन थर फाकले आणि भिंत आत-बाहेर कोसळली. वर माळवदाची माती, पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी एकेक थर चढवत हात-दोन हात जाड झालेली. एवढं ओझं अंगावर आलं. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या होत्या, असं जुनी माणसं सांगतात.

भूकंपानंतर सरकारनं दोन्ही वाटा धरल्या. जी गावं फारच पडली अशी ५२ गावं नव्या जागी उठवून वसवली. बाकी ठिकाणी लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायचं काम निघालं. घर सोडावं की सुधारावं, हा आज आपल्या ओट्यावर आलेला प्रश्न तेव्हा आख्ख्या मुलखापुढे होता.

नव्या गावांत गेलेल्या बायकांशी बोललात तर दोन्ही ऐकायला मिळतं. रात्री निर्धास्त झोप लागते, हे पहिलं. घर पक्कं आहे, रस्ता रुंद आहे. आणि मग त्या सांगतात की जमिनीच्या हिशेबानं घर मिळालं, भूमिहीनाला लहानात लहान अडीचशे चौरस फूट, त्यात चूल कुठं मांडायची आणि शेळी कुठं बांधायची? सरळ रेषेत आखलेले रस्ते, घरं लांब लांब. जुन्या गल्लीत ओट्यावरून ओट्यावर बोलणं व्हायचं, ते तुटलं. शेत लांब पडलं. पुढे सगळ्यांनीच पत्रा टाकून, छप्पर काढून घर आपल्या सोयीचं करून घेतलं. वाईट झालं असं आम्ही म्हणत नाही. ज्या गावात प्रत्येक गल्लीत मढं निघालं तिथं परत राहा असं कुणी कुणाला म्हणावं?

दुरुस्तीच्या वाटेची गोष्ट मात्र आपल्या गटांच्या जन्माशी जोडलेली आहे, आणि ती नव्या मुलींना माहीत नसते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. कामाचे पैसे कसे येतात, सिमेंट किती लागतं, आरपार दगड का घालायचा, हे त्या घरोघरी जाऊन सांगत. गवंड्याच्या कामावर बाई देखरेख करते हे बघून सुरुवातीला लोक हसले. पण ज्या बाईनं रेतीचं माप घ्यायला शिकून घेतलं, ती पुढे ग्रामपंचायतीत बोलायलाही शिकली. त्यांतल्या कितीतरी मंडळांचे पुढे बचत गट झाले. तेव्हा बायकांनी भिंत बघू नये, तो पुरुषांचा विषय, असं कुणी म्हटलं तर सांगा, आपल्याकडे हे तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं आहे.

तर काकूंचं घर बघायला आम्ही पाच जणी गेलो. सोबत मिस्त्री मामा होते. वय झालं आहे, पण भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामांवर त्यांनी हात चालवलेला. मामांनी आत शिरताच वर बघितलं नाही, आधी पाया बघितला. मग घराला बाहेरून एक फेरी मारली.

पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटलं होतं, चांगलं वीतभर. मालक म्हणाले, "बघा, हे असं आहे, कधी पडेल नेम नाही." मामांनी विचारलं, "मोरी कुठं आहे?" मोरी त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला, आणि तिचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या पायातच मुरत होतं. चिखलात बांधलेली भिंत, चिखल पुन्हा ओला झाला, भिंत बसली. बाकीच्या तीन भिंती ठणठणीत. कोपऱ्यात उभी भेग नाही, ओल नाही. अकरा खांबांपैकी दोनांच्या बुडाशी वाळवी. चाकूचं टोक खुपसलं तर दोन बोटं आत गेलं. बाकीच्या नऊ खांबांत टोकसुद्धा रुतेना. वर चढून मामांनी सळई खुपसून माती मोजली, दीड हात.

मामा खाली उतरले आणि म्हणाले, "घर म्हातारं न्हाई. मोरीनं आन् मातीनं मारलंय."

हे ऐकून दुरुस्तीच करायची असं ठरलं असं समजू नका. घर भिंतींचंच नसतं, म्हणून आम्ही घरातल्या एकेकाला वेगळं बसवून विचारलं. सगळे एकत्र असले की मोठा माणूस बोलतो आणि बाकीचे मान हलवतात.

मालकांना रस्त्याकडेला दुकान टाकायचं होतं. मनात खरं ते होतं, घर त्याच्या मागून आलं. काकूंना ओटा सोडवत नव्हता. त्या ओट्यावर चार जणींना घेऊन उन्हाळाभर पापड-कुरडया करतात, त्याचे पैसे येतात. रस्त्यावर धुळीत पापड कोण वाळत घालील? मुलगा म्हणाला, बाप म्हणेल ते. सूनबाईला विचारलं तर ती आधी म्हणाली, मला नव्या घरात जायचंय. का? तर घरात उजेड नाही. पीठ मळताना वरून माती गळते. न्हाणीला दार नाही, साडीचा आडोसा करून अंघोळ. आणखी काही? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "लग्नाला चार वर्षं झाली. आम्हाला दार लावून घ्यायची खोली नाही."

मैत्रिणींनो, हे कुठल्याही अर्जात लिहिलेलं नसतं. आणि सून हे सासूला सांगत नाही, सासू मालकाला सांगत नाही. मग सगळे मिळून म्हणतात, घर पडायला झालंय.

आम्ही कागदावर मांडून बघितलं. भिंत, माती, मोरी, खांब, उजेड, न्हाणी, खोली, ही सगळी दुखणी त्याच जागेवर बरी होण्यासारखी होती. दुकानाला रस्ता लागतो, पण त्यासाठी टपरी पुरते, संसार हलवावा लागत नाही.

आता पैसे. नव्या घराचा मिस्त्री मामांनी काढलेला अंदाज सहा लाखांच्या पुढे गेला. मालकांच्या डोक्यातला हिशेब असा, की दोन लाख गटाचे, लाकडाचे लाखभर येतील, आणि घरकुल मिळेल. लाकडाचं आधी सांगतो. जुनं लाकूड घेणारे व्यापारी गावात येतात, घर मोडायच्या आधी एक भाव बोलतात आणि मोडून लाकूड अंगणात पडलं की दुसरा. पडलेल्या लाकडाला घासाघीस करायची ताकद उरत नाही. ज्यांनी विकलं त्यांना विचारून बघा.

घरकुलाचं असं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी एक लाख वीस हजार रुपये मिळतात, डोंगरी भागासाठी एक लाख तीस हजार. मजुरीचे आणि संडासाचे पैसे नियमाप्रमाणे वेगळे. राज्य सरकारनं २०२५ मध्ये त्यात पन्नास हजारांची भर घालायचं ठरवलं, त्यातला काही भाग छतावरच्या सौर विजेसाठी. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं हवं. पैसे एकदम येत नाहीत, काम जसं चढतं तसे हप्त्यानं खात्यात येतात, आणि प्रत्येक टप्प्याला जागेवर फोटो काढला जातो. हे पैसे नव्या बांधकामाला आहेत, जुन्या घराच्या दुरुस्तीला नाहीत. त्यामुळे होतं असं की चांगलं घरसुद्धा घरकुलाच्या आशेनं मोडलं जातं. काकूंच्या घरचं नाव यादीत नव्हतंच. 'येईल' या भरवशावर सगळा हिशेब उभा होता. नाव यादीत बघून, मंजुरीचा कागद हातात घेऊन आणि पहिला हप्ता खात्यात आल्यावरच पहारीला हात घालावा, हे आम्ही आता प्रत्येकीला सांगतो. आमच्या शेजारच्या गावात एक कुटुंब दोन पावसाळे ताडपत्रीखाली राहिलं आहे.

गटाचं कर्ज शेकडा दोन रुपयांनी. दोन लाखांचं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज चार हजार. काकूंच्या घरी दोन म्हशींचं दूध डेअरीला जातं आणि पापडाचे पैसे हंगामात येतात. चार हजार व्याज, वर मुद्दल, त्यातून मग म्हशींची पेंड कशी आणायची?

पण सगळ्यात मोठी गोष्ट कागदात निघाली. आम्ही म्हटलं, रस्त्याकडेच्या त्या दीड गुंठ्याचा उतारा आणा. मालकांना राग आला. बायकांनी आमच्या घरात किती नाक खुपसावं, असं ते बोलले, आणि आठ दिवस काकूंना बैठकीला पाठवलं नाही. शेवटी मुलगा उतारा घेऊन आला. जागा अजून वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर. वारस म्हणजे काकूंचे मालक, त्यांचे थोरले भाऊ, आणि दोघांची बहीण. वाटणी झालेलीच नाही. त्या जागेवर सहा लाखांचं घर उभं राहिलं असतं आणि उद्या वाटणीला बसल्यावर भावाचा आणि बहिणीचा हिस्सा त्यातून कसा काढायचा? २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आपण नणंद म्हणून तिला विसरतो आणि माहेरी गेलो की तोच हक्क आपल्याला आठवतो, हेही आपसात बोलून टाकलेलं बरं.

कागदाचं आणखी थोडं. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीकडे नमुना आठचा उतारा असतो. तो काढून बघा, नाव कुणाचं आहे. नवरा-बायको दोघांचं नाव लावून घेता येतं, त्यासाठी भांडण लागत नाही, अर्ज लागतो. घरकुल तर बाईच्या किंवा दोघांच्या नावावरच देण्याचा नियम आहे, काही अपवाद सोडून. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी चालू आहे, तिथं मालमत्ता पत्रक तयार होतं. मोजणीचे लोक गावात येतील तेव्हा बाईनं घरात चहा करत बसू नये, बाहेर येऊन नाव काय लिहिलंय ते वाचावं. आणि दुसरी जागा विकत घ्यायची झाली तर, राहतं घर बाईच्या नावावर खरेदी केल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

काकूंची गोष्ट ऐकून कुणी असं घेऊ नका की आम्ही दुरुस्तीच्याच बाजूच्या आहोत. याच वर्षी एका घराला आम्ही उलटं सांगितलं. ओढ्याच्या काठचं घर, विटांचं, सिमेंटचं, दिसायला काकूंच्या घरापेक्षा दसपट चांगलं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पूर आले त्यात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी. धान्य, गादी, पोरांची पुस्तकं, सगळं गेलं. त्या बाईंनी नवी फरशी आणि जोतं उंच करायला साठ हजार मागितले. आधीच्या दोन-तीन पावसाळ्यांतही कमी-जास्त पाणी शिरलेलं. मिस्त्री मामा म्हणाले, जोतं दोन फूट उचला, ओढा तीन फूट येईल. तिथं आम्ही पैसे द्यायला तयार झालो नाही. गावात उंचावर जागा मिळते का ते बघा, जागा खरेदीसाठी मदतीची सरकारी योजना आहे तिचा अर्ज करा, आणि जागा ठरली की साठ काय, जास्त मागा, असं सांगितलं. बाई रडल्या. नव्या फरशीची त्यांनी दुकानात जाऊन निवड करून ठेवली होती. भिंत बदलता येते, ओढ्याची वाट आपण बदलू शकत नाही, हे त्यांनाही कळत होतं. अजून जागा मिळालेली नाही. या पावसाळ्यात ते लोक दोन महिने भावकीत राहायला जाणार आहेत, एवढंच ठरलं आहे.

काकूंच्या घराचं काम शिमग्यानंतर निघालं. पंचायत समितीतल्या इंजिनिअर साहेबांना एकदा दाखवून घेतलं. आधी तुळयांना टेकू दिले, मग पश्चिमेची भिंत उतरवली. मोरी भिंतीपासून दूर नेली आणि तिचं पाणी नळीनं शोषखड्ड्यात सोडलं. त्याच दगडांनी भिंत पुन्हा बांधली, पण आता दर दोन-तीन फुटांवर आरपार दगड घालून, आणि दाराच्या वरच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतीभर फिरवून. ज्या भिंती उभ्याच होत्या त्यांना भोकं पाडून आत सळईचे आकडे घातले आणि काँक्रीट भरलं, की आतला-बाहेरचा थर एकमेकांना धरून राहील. हे एकेक भोक सावकाश करायचं काम, पहार मारून घाईनं नाही. दोन खांब बदलले. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार ठोकले. माळवदाची माती उतरवून वीतभर ठेवली, खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं. पीठ मळताना माती गळायची ती थांबली. न्हाणीला दार आलं. सोप्याच्या एका टोकाला दोन खणांची खोली काढली, तिला आतून कडी. आणि भिंत नव्यानं बांधतानाच तिच्यात खिडकी सोडली.

एक गोष्ट मालकांनी मधेच काढली, की एवढं करतोय तर माती काढून वर स्लॅबच टाकू. मामा एवढे कधी चिडले नव्हते. चिखलाच्या भिंतीवर काँक्रीटचं ओझं म्हणजे पुन्हा तेच संकट. कुणी सुचवलं तर ऐकू नका. शिवाय वैशाखात दुपारी तीनला एकदा पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात बसा आणि मग माळवदाखाली येऊन बसा.

खर्च एक लाख पासष्ट हजार झाला. गटातून लाखभर दिले, बाकी त्यांनी घातले. अंदाजापेक्षा पंचवीस हजार जास्त गेले, कारण भिंत उतरवल्यावर पायाही थोडा उकरावा लागला. जुन्या घराच्या कामात असं निघतंच, तेवढे पैसे आधीच बाजूला धरावेत. मालक अजून पूर्ण खूश नाहीत. रस्त्याकडेची जागा वाटणी करून घेणार म्हणतात, बहिणीला निरोप गेला आहे. टपरी मात्र तिथं उभी राहिली, भावाच्या लेखी संमतीनं.

मृगाच्या आधी माळवदावर नवी माती चोपायची राहिली आहे. मिस्त्री मामांनी भिंतीवर खुणेची खिळी मारून दिली आहे, माती तिच्या वर जाता कामा नये. मालकांचा हात जुन्या सवयीचा, त्यांना दोन पाट्या जास्तच टाकायच्या असतात. परवा आम्ही गेलो तेव्हा ते वर होते, आणि सूनबाई शिडीच्या तोंडाशी उभी राहून पाट्या मोजत होती.